काळे मांजर फोटोत राखाडी का दिसते?

दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो उतरले की आमच्या नौपाड्यातल्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गुलाबी ठिपक्यांचे फोटो येऊ लागतात. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीत बसून फोनने काढलेले ते फोटो पाहून काढणाऱ्यालाच हळहळ वाटते, आणि त्यांच्याखाली एक प्रश्न हमखास येतो: याहून चांगला कॅमेरा असलेला फोन कोणता? यंदा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तो प्रश्न धसास लावला आणि दोनशे मेगापिक्सेलचा फोन घेतला. आठवड्याभराने त्या आपल्या मोतीला, म्हणजे पांढऱ्याशुभ्र पॉमेरियनला, काखेत घेऊन वर आल्या. "अगं, एवढे पैसे मोजले, तरी ह्याचा एक फोटो धड येत नाही. एक तर पुसट येतो, नाहीतर मळकट. कालच आंघोळ घातलीय गं ह्याला!"

'मळकट' हा शब्द ऐकून मी थबकले, कारण आमच्या घरी नेमकी उलटी तक्रार होती. आमची काजळ नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत काळी आहे; पण फोनने आपल्या मनाने काढलेल्या फोटोत ती चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखी दिसते. पांढरा कुत्रा काळपट आणि काळे मांजर पांढुरके, या दोन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे आणि त्याचा फोनच्या किमतीशी फारसा संबंध नाही. गेली तीन वर्षे छायाचित्रणाबद्दल मी जे शिकले ते बहुतांशी काजळच्या मागे घरभर फिरून शिकले. तेव्हा हा सगळा विषय तिच्याच आधाराने, मुळापासून मांडते.

## प्रकाश गोळा करणारी पेटी

कॅमेरा हा वस्तूवरून परतलेला प्रकाश गोळा करणारी पेटी आहे. १८३९ साली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 'फोटोग्राफी' हा शब्द रूढ केला, त्याचा ग्रीक मुळांनुसार अर्थ 'प्रकाशाने रेखाटणे' असाच होतो. पेटीत प्रकाश किती जमला यावर चित्र उजळ होणार की काळोखे हे ठरते, आणि तो किती जमावा हे ठरवणाऱ्या मुख्य गोष्टी तीनच आहेत.

पहिली गोष्ट काजळच्या डोळ्यांत रोज दिसते. भर दुपारी ती खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळशीच्या कुंडीशेजारी बसते तेव्हा तिच्या बाहुल्या म्हणजे दोन बारीक उभ्या रेघा असतात, आणि दिवेलागणीला त्याच बाहुल्या इतक्या वाटोळ्या होतात की डोळ्यांचा पिवळा रंग कडेला जेमतेम उरतो. कॅमेऱ्याच्या भिंगातही असे लहानमोठे होणारे छिद्र असते आणि त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. त्याचे माप एफ १.८, एफ ४, एफ ८ असे लिहितात. आकडा वाढला की छिद्र लहान होते हे नवख्याला उफराटे वाटते, पण तो आकडा भाजक आहे हे लक्षात ठेवले तर गोंधळ होत नाही. पोळीचे दोन भाग केले तर तुकडा मोठा येतो आणि आठ केले तर लहान येतो, तसेच हे आहे. बहुतेक फोनमध्ये हे छिद्र कायमचे एकाच मापाचे असते, त्यामुळे फोनवाल्यांना या आकड्याची काळजी करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे छिद्रातून येणारा प्रकाश किती वेळ गोळा करायचा. ही वेळ शटर ठरवते आणि ती सेकंदाच्या अंशांत मोजतात: १/३०, १/२५०, १/१०००. ज्या घरात पाणी वेळेवर येते आणि वेळेवर जाते त्या घरातल्या माणसाला हे निराळे समजावण्याची गरज नाही. नळ मोठा असेल तर पिंप दहा मिनिटांत भरते, नळ बारीक असेल तर अर्धा तास लागतो, आणि पिंप भरल्यावर पाहणाऱ्याला त्यातले पाणी कसे भरले हे कळत नाही. चित्राचा उजळपणाही असाच छिद्र आणि वेळ यांच्या गुणाकाराने ठरतो. फरक एवढाच की पिंपातल्या पाण्यावर भरण्याच्या पद्धतीची खूण राहत नाही, चित्रावर मात्र राहते, आणि ती खूण ओळखता येणे म्हणजेच हे शास्त्र येणे.

तिसरी गोष्ट आयएसओ नावाने ओळखली जाते. जमलेला प्रकाश कमी पडला तर कॅमेरा त्याचा संकेत वाढवून घेतो. गणपतीच्या मंडपात कोणी हळू आवाजात बोलू लागले की ध्वनिक्षेपकाची पट्टी चढवतात, तेव्हा बोलणे ऐकू येते पण त्याबरोबर खरखरही वाढते. चित्रातली खरखर रवाळ दाण्यांच्या रूपाने दिसते. आयएसओ १०० असताना ती जवळजवळ नसते. ३२०० किंवा ६४०० ला, विशेषतः फोनवर, मांजराचे केस आणि सतरंजीचे धागे यांतला फरक पुसला जाऊ लागतो.

प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे याला छायाचित्रकार 'एक स्टॉप' म्हणतात. पुढे मी याला 'एक पायरी' म्हणेन. शटर १/६० वरून १/१२५ वर नेले तर प्रकाश एक पायरी उतरतो, आणि आयएसओ ४०० वरून ८०० केला तर संकेत एक पायरी चढतो. सगळा हिशेब या पायऱ्यांचाच आहे.

## डोळ्यांना पुरतो तो उजेड कॅमेऱ्याला का पुरत नाही?

संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की आपल्याला दिवाणखाना लख्ख दिसतो, आणि म्हणूनच तिथे काढलेला फोटो बिघडला तर आपण फोनला दोष देतो. प्रत्यक्षात कडक उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो, तर रात्री घरातल्या दिव्याखाली शंभर-दोनशे लक्स. लक्स हे उजेड मोजण्याचे माप आहे. म्हणजे ज्या खोलीला आपण उजळ समजतो तिथे अंगणातल्या उन्हाच्या पाचशेव्या किंवा हजाराव्या हिश्श्याइतकाच प्रकाश असतो. आपले डोळे आणि मेंदू हा फरक इतक्या बेमालूमपणे भरून काढतात की तो जाणवत नाही.

आता हिशेब करून पाहू. काजळ संध्याकाळी सोफ्यावर खेळत आहे आणि फोनने आपल्या मनाने शटर १/३० व आयएसओ ८०० निवडला आहे. फोटो पुसट येतो. आपल्याला शटर १/२५० हवे आहे. १/३० ते १/६०, १/६० ते १/१२५, १/१२५ ते १/२५०, अशा तीन पायऱ्या प्रकाश कमी झाला. तो भरून काढायला आयएसओ ८०० चा १६००, ३२००, ६४०० करावा लागेल. पुसटपणा गेला, पण खरखर आली. तिसरा मार्ग म्हणजे प्रकाशच वाढवणे, किंवा तेच खेळणे सकाळी खिडकीपाशी नेणे. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये 'प्रो' नावाचा पर्याय असतो, त्यात हे आकडे स्वतः बदलता येतात. आयफोनमध्ये त्यासाठी वेगळे अ‍ॅप घ्यावे लागते. हा हिशेब एकदा बोटांवर मोजून केला की 'माझा फोन वाईट आहे' हे वाक्य पुन्हा तोंडातून येत नाही.

## 'पुसट' या एका शब्दाखाली लपलेले तीन दोष

काकूंनी मोतीचे जे फोटो दाखवले ते सगळे पुसट होते, पण एकाच कारणाने नव्हे. कारण ओळखण्यासाठी मी जी कसोटी वापरते ती आमच्या घरातल्या गोधडीची आहे. आजीने शिवलेल्या त्या गोधडीवर पांढऱ्या दोऱ्याचे धावते टाके ओळीने घातलेले आहेत आणि काजळची ती ठरलेली जागा आहे. फोटो मोठा करून आधी मांजराकडे न पाहता टाक्यांकडे पाहावे. टाके सर्वत्र सुस्पष्ट असतील आणि मांजर तेवढे फराटल्यासारखे दिसत असेल, तर मांजर हलले. सगळेच टाके एका दिशेने ओढल्यासारखे लांबट दिसत असतील, तर आपला हात हलला. मांजराच्या मागचे टाके रेखीव आणि मांजराचे डोळे मऊ असतील, तर कुठलीच हालचाल नाही. कॅमेऱ्याने नेम, म्हणजे फोकस, मागच्या गोधडीवर धरला. तीन दोषांना तीन वेगळे उपाय आहेत, आणि कारण न ओळखता उपाय केला तर माणूस महिनोन्‌महिने चाचपडत राहतो.

मांजर हलल्याने येणारा पुसटपणा किती असतो, हेही मोजता येते. मांजर सेकंदाला एक मीटर या वेगाने खोलीतून चालत गेले असे धरू. १/३० सेकंदात ते तीन सेंटीमीटरहून थोडे अधिक पुढे सरकते, म्हणजे त्याच्या डोळ्याच्या रुंदीपेक्षाही जास्त. १/२५० सेकंदात चार मिलिमीटर. १/१००० सेकंदात एक मिलिमीटर. उडी मारताना आणि पंजा मारताना वेग याच्या कितीतरी पट असतो. माझ्या अनुभवाने झोपलेल्या मांजराला १/३० पुरते, अंग चाटणाऱ्याला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, आणि ग्रिलवरून खाली झेप घेणाऱ्याला १/१००० सुद्धा काही वेळा कमी पडते.

प्राण्यांच्या हालचालीने छायाचित्रणाला अगदी सुरुवातीपासून कामाला लावले आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने बारा कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली आणि त्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात हे दाखवले. १८९४ साली फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी उलटे सोडलेले मांजर हवेतच वळून पायांवर कसे येते, याची चित्रमालिका घेतली. डोळ्यांना जे कधीच दिसले नव्हते ते कमी वेळाच्या शटरने दाखवले. आज बहुतेक फोनमध्ये बटण दाबून धरले किंवा ओढले की सेकंदाला दहा किंवा त्याहून अधिक चित्रे निघतात, म्हणजे त्या बारा कॅमेऱ्यांची रांग आपल्या तळहातावर असते.

## आणि तो मळकटपणा कुठून आला?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रकाश किती गोळा करायचा हे फोन आपल्या मनाने ठरवतो तेव्हा तो समोरच्या दृश्यातला एकूण उजेड मोजतो. या मोजणीला मीटरिंग म्हणतात. पण फोनला एक गोष्ट कळण्याचा मार्ग नसतो: समोरून कमी प्रकाश येत आहे तो खोलीत काळोख आहे म्हणून, की समोरची वस्तूच काळी आहे म्हणून? ही अडचण सोडवण्यासाठी मोजणी एका गृहीतकावर चालते. सरासरी दृश्य हे ना पांढरे ना काळे, मधल्या राखाडी छटेचे असते, असे ते गृहीतक आहे. आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारा पृष्ठभाग डोळ्यांना काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये असल्यासारखा भासतो, म्हणून ढोबळमानाने ती छटा प्रमाण मानली गेली. रस्ता, झाडे, इमारती आणि माणसे असलेल्या दृश्यात हा अंदाज बरोबर येतो.

पण चौकटभर काजळ असली की तो चुकतो. तिच्या काळ्या केसांवरून अगदी थोडा प्रकाश परततो. फोनला वाटते की खोली अंधारी आहे, तो जास्त प्रकाश घेतो आणि काळ्याचे राखाडी होते. चौकटभर मोती असला की उलट घडते. एवढा प्रकाश परत येतो आहे म्हणजे ऊन कडक असणार, असे समजून फोन प्रकाश आवरतो आणि पांढऱ्याचे राखाडी होते. काकूंचा मोती आणि आमची काजळ या दोघांनाही फोन एकाच राखाडी छटेकडे ओढत होता. आताचे फोन दृश्य ओळखून यात बरीच सुधारणा करतात, तरीही एकरंगी प्राणी जवळून टिपताना ही चूक अजून सर्रास दिसते.

उपाय फोनमध्येच असतो. पडद्यावर प्राण्याच्या अंगावर बोट टेकवले की बहुतेक फोनवर शेजारी सूर्याचे लहानसे चिन्ह आणि पट्टी उमटते. पट्टी खाली ओढली की चित्र गडद होते, वर ओढली की उजळ. मोठ्या कॅमेऱ्यावर यासाठी अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. चौकटभर काळ्या मांजरासाठी साधारण एक पायरी उणे आणि चौकटभर पांढऱ्या कुत्र्यासाठी साधारण एक पायरी अधिक, इथून सुरुवात करावी.

हा नियम पाठ करणाऱ्याची मात्र फसगत होते, आणि माझी झाली. एके सकाळी काजळ नुकत्याच घातलेल्या पांढऱ्या चादरीच्या मधोमध जाऊन बसली. मी शिकल्याप्रमाणे एक पायरी उणे केली, आणि फोटोत मांजराच्या जागी मांजराच्या आकाराचे भोक पडल्यासारखे दिसले; केस नाहीत, कान नाहीत, फक्त दोन डोळे. चौकटीत मांजर थोडे आणि पांढरी चादर भरपूर होती, म्हणून फोनने प्रकाश आधीच आवरला होता आणि मी तो आणखी आवरला. तिथे अधिकची गरज होती. तेव्हापासून मी मांजराचा रंग पाहून पट्टी ओढत नाही, पूर्ण चौकटीत कोणत्या छटेने किती जागा व्यापली आहे ते पाहून ओढते.

काळ्या केसांचा पोत दिसायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बाजूने येणारा प्रकाश. काळ्या वस्तूचा आकार आपल्याला तिच्यावरच्या चकाकीवरून कळतो. खिडकी पाठीमागून किंवा समोरून असण्यापेक्षा एका कुशीला असली, की खांद्याचे हाड, मानेवरची घडी, कानामागचा विरळ भाग असे सगळे उठून दिसते. याच प्रकाशात मला कळले की काजळ पूर्ण काळी नाहीच. सकाळच्या उन्हात तिच्या मांड्यांवरचे केस गर्द तपकिरी, चिंचोक्याच्या रंगाचे दिसतात. तीन वर्षे ती माझ्या मांडीवर झोपत होती आणि तरीही हे मला कॅमेरा हाती घेईपर्यंत दिसले नव्हते.

## घरातला प्रकाश ओळखण्याविषयी

आमच्याकडच्या सदनिकांमध्ये प्रकाश हवा तिथून येत नाही, जिथे समोरची इमारत वाट देते तिथून येतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या घराचे वेळापत्रक स्वतः करावे. आमच्या पूर्वेच्या खिडकीत सकाळी साडेसात ते नऊ थेट ऊन असते. त्यात ग्रिलच्या गजांच्या आणि कबुतरांच्या जाळीच्या सावल्या मांजराच्या अंगावर पडतात आणि चौकोनांच्या रेघांमुळे चेहरा हरवतो. साडेनऊनंतर ऊन समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर जाते, तिथून परतून मऊ होऊन आत येते, आणि तोच माझ्या मते दिवसातला सर्वोत्तम प्रकाश आहे. पावसाळ्यात आभाळ भरलेले असले की दिवसभर असाच मऊ पण कमी प्रकाश मिळतो.

खिडकीपासून दूर जाताना उजेड झपाट्याने घटतो. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर प्रकाश चौथाई उरतो. खिडकी मोठी असल्यामुळे तिच्याबाबत घट इतकी तीव्र नसते, पण सोफा दोन हात पुढे सरकवल्याने जो फरक पडतो तो महागड्या फोननेही सहज पडत नाही.

कृत्रिम दिव्यांचा एक छुपा त्रास सांगायला हवा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे पुष्कळ ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटर १/५०० सारखे जलद ठेवले की चित्रात आडवे काळसर पट्टे येऊ शकतात. तसे झाले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणावे, पट्टे नाहीसे होतात.

फ्लॅशबद्दल माझे मत स्पष्ट आहे: शिकणाऱ्याने तो बंद ठेवावा. मांजराच्या आणि कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागे चकाकता थर असतो, जो अंधुक उजेडात प्रकाश परत फेकून त्यांना दुसऱ्यांदा पाहण्याची संधी देतो. समोरून फ्लॅश पडला की त्याच थरामुळे डोळे हिरवे-पिवळे पेटल्यासारखे दिसतात. शिवाय अंधारात बाहुल्या पूर्ण उघडलेल्या असताना अचानक डोळ्यांसमोर लखलखाट झाला तर प्राणी दचकतो, आणि एकदा दचकलेले मांजर पुढचे आठ दिवस फोन पाहिला की पलंगाखाली जाते.

## मग मोठा कॅमेराच घ्यावा का?

सुरुवातीला नको. फोनच्या जाहिरातीतले दोनशे मेगापिक्सेल, म्हणजे प्रकाश टिपणारे वीस कोटी बारीक बिंदू, हे नेहमीच्या फोटोत सहसा वापरले जात नाहीत. असे फोन सोळा शेजारी बिंदूंचा प्रकाश एकत्र करून एक बिंदू बनवतात आणि सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतात. यात फसवणूक नाही. लहान बिंदूवर प्रकाश कमी पडतो म्हणून शेजाऱ्यांनी वर्गणी काढावी तसे ते आहे.

फोनच्या मर्यादा मात्र माहीत असाव्यात. 'पोर्ट्रेट' पर्यायात मागची धूसरता भिंगाने आलेली नसते. मांजर कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज करून ती मागाहून भरली जाते, आणि मिशा व कानांतले केस इतके बारीक असतात की ते अनेकदा भिंतीबरोबर पुसले जातात. रात्रीचा पर्याय अनेक चित्रे एकावर एक ठेवून उजेड वाढवतो, म्हणून तो झोपलेल्या मांजरासाठी उत्तम आणि जाग्या मांजरासाठी निरुपयोगी आहे. मोठ्या कॅमेऱ्यांत २०१९ पासून प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर नेम धरण्याची सोय येऊ लागली, आणि तिचा खराच उपयोग होतो. पण ती सोय नेमाचा दोष दूर करते. हालचाल आणि प्रकाश यांचा हिशेब तिथेही करावाच लागतो.

## 'आमचे मांजर एका जागी बसतच नाही'

हीच तर त्याची शिकवण्याची पद्धत आहे. माणसाला आपण 'इकडे बघ, हस' असे सांगतो आणि प्रकाश, पार्श्वभूमी, क्षण या सगळ्यांची जबाबदारी त्याच्यावर ढकलतो. मांजर सांगितलेले ऐकत नाही, म्हणून तयारी आपल्यालाच आधी करावी लागते.

तयारी म्हणजे सवयींचा अभ्यास. आमच्याकडे रविवारी बांगडे धुवायला घेतले की काजळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते, हे मला ठाऊक आहे. मी आधीच जमिनीवर आडवी होते, फोन उलटा धरते म्हणजे भिंग फरशीच्या जवळ येते, उंबऱ्यावर बोट दाबून धरून नेम आणि उजेड तिथे कायम करते, आणि थांबते. मांजर चालत येऊन माझ्या चौकटीत बसते. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत मांजराची पाठ दिसते, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेल्यात ते आपल्याकडे पाहते.

हालचालीच्या आधी शरीर सूचना देते. कबुतर जाळीवर येऊन बसले की काजळचे कान पुढे वळतात, जबडा थरथरून बारीक कटकट आवाज येतो, बाहुल्या रुंदावतात आणि मागचे अंग दोन-तीनदा डावे-उजवे हलते. झेप त्यानंतर लगेच येते. झेप दिसल्यावर बटण दाबले तर रिकामी खिडकी मिळते, अंग हलू लागताच दाबून धरले तर झेप मिळते. उलट कान मागे चपटे झाले आणि शेपूट फटाफट आपटू लागली तर फोन खाली ठेवावा. ती नको म्हणत आहे, आणि चांगल्या फोटोसाठी तिचा विश्वास घालवणे मला पटत नाही. तिला उचलून उजेडात नेऊन ठेवणे, टोपी घालणे, कान धरून मान वळवणे हेही याच कारणासाठी टाळावे. तिची आवडती गोधडी उजेडात नेऊन ठेवावी. ती आपणहून येते.

## मांजराचे फोटो काढून पुढे काय?

हा आक्षेप माझ्या वडिलांनीच घेतला होता, आणि तो योग्य आहे. रोज तेच मांजर, तीच खोली, यातून काय मिळणार? मिळते ते असे की बाकी सगळे तेच राहते आणि एकच गोष्ट बदलते, त्यामुळे चूक कशाने झाली ते कळते. खाडीत बोट हलते, पक्षी हलतो, ऊन पाण्यावरून चमकते, अंतर फार असते आणि फेरी थोड्या वेळात संपते. तिथे चुकले तर कारण शोधायला सवड नसते. फेब्रुवारीत मी त्याच बोटीतून गेले तेव्हा उडत्या फ्लेमिंगोसाठी शटर १/१००० च्या पुढे लागणार, आणि चमकत्या पाण्यासमोर पक्षी काळवंडणार म्हणून अधिक पायरी लागणार, हे मला काजळच्या झेपेवरून आणि पांढऱ्या चादरीवरून आधीच माहीत होते. फोनने ते पक्षी लहानच आले, कारण लांबचे जवळ आणायला मोठे भिंग लागते आणि त्याला पर्याय नाही. पण ते पुसट नव्हते आणि काळेही नव्हते.

त्याहून मोठा उपयोग घरातच झाला. माझी आजी कॅमेरा दिसला की पदर सावरून ताठ बसते आणि चेहरा बदलतो. मांजरासाठी शिकलेले सगळे, म्हणजे आधी जाऊन बसणे, उजेड ओळखणे, नेम धरून वाट पाहणे, हे मी ती मटार सोलत असताना केले. शेंग फोडताना ती ओठ किंचित दुमडते, ते आमच्याकडच्या एकाही जुन्या फोटोत नाही.

## शिकण्याची खरी वही

प्रत्येक फोटोबरोबर शटर, आयएसओ आणि छिद्राचे आकडे आपोआप साठवले जातात. बहुतेक फोनवर फोटो उघडून वर सरकवले की ते दिसतात. रोज काढलेल्या फोटोंपैकी एक चांगला आणि एक बिघडलेला निवडावा, आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बिघडलेले लगेच पुसून टाकू नयेत, कारण कारण त्यांच्यातच असते.

काकूंना मी एवढेच दाखवले: बोट टेकवणे, पट्टी वर ओढणे, आणि फोटोचे आकडे कुठे असतात ते. मोतीला दाराजवळच्या उजेडात त्याच्या चेंडूसह सोडले. पहिले दोन फोटो नेहमीसारखे राखाडी आले. तिसऱ्यात पट्टी एक पायरी वर होती, शटर १/५०० होते, आणि त्याच्या छातीवरचा एकेक केस वेगळा दिसत होता. काकू फोन लांब धरून बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, ह्याच्या कानाला आतून गुलाबी रंग आहे की." त्यांनी ते तिन्ही फोटो ठेवले आहेत.